रिओ ग्रांदेकाठच्या दवाखान्यात रुजू होणाऱ्या लेकीस

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण टेक्सासातल्या मेक्सिकन वंशाच्या घरांत बाळाला दवाखान्यात कधी न्यायचं, हे बहुधा आजी ठरवते. शेतावर वाढलेल्या या बायका लहानपणी स्वतःवर झालेले उपचारच नातवंडांवर करतात. तेव्हा आधी आजीशी बोल. फाल्फुरियासजवळ डॉन पेद्रितो हारामियो या वैदूची समाधी आहे. १९०७ साली तो वारला, तरी माणसं अजून नवस फेडायला जातात. त्याबद्दल वावगा शब्द काढू नकोस.

'माल दे ओहो' म्हणजे दृष्ट. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळतो. तिथे न फोडलेलं कच्चं अंडं प्रार्थना म्हणत डोक्यापासून पायापर्यंत अंगावरून फिरवतात, मग पेल्यातल्या पाण्यात फोडून रात्रभर पलंगाखाली ठेवतात. बलकावर डोळा दिसला की दृष्टच. यात अपाय काही नाही, करू दे. पण कौतुक करून बाळाला हात न लावता निघून गेलं की दृष्ट लागते, असा पक्का समज आहे. म्हणून 'किती गोड' म्हणालीस की लगेच त्याच्या डोक्याला हात लाव. आईचा जीव भांड्यात पडतो.

खरी काळजी 'एंपाचो'ची. अन्न पोटात चिकटून बसलं, असं ते मानतात. पोट चोळतात, पाठीची कातडी चिमटीत धरून ओढतात. इथवर ठीक. काही घरांत मात्र पूड देतात: पिवळी 'ग्रेता' किंवा भगवी 'आसार्कोन'. दोन्ही शिशाची ऑक्साइडं. शुद्ध असली तर वजनात ९० टक्क्यांहून जास्त शिसंच! शिशानंही पोटात कळा येतात, उलट्या होतात, शौचाला खडा होतो. घरच्यांना वाटतं एंपाचो उतरला नाही, आणि ते आणखी एक चिमूट देतात. 'काही औषध दिलं का?' असं विचारलंस तर 'नाही' म्हणतील, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हे. 'एंपाचोवर काय देता, पिवळी-भगवी पूड का?' असं नावानिशी विचार. संशय आला तर रक्तातलं शिसं तपास, भावंडांचंही. बोटातल्या थेंबात जास्त आलं तर शिरेतल्या रक्तावर खात्री कर. पुडी मागून घे. रागावलीस तर पुन्हा दाखवणार नाहीत.

'काइदा दे मोयेरा' म्हणजे टाळू खोल जाणं. पडल्यामुळे किंवा तोंडातून स्तन झटक्यात काढल्यामुळे असं होतं, हा समज. मग तोंडात बोट घालून टाळा वर दाबतात, बाळाला उलटं धरून तळव्यांवर थापट्या मारतात. उलटं मात्र धरू देऊ नकोस. टाळू खोल जाण्याचं खरं कारण बहुतेकदा जुलाब-उलट्यांनी अंगातलं आटलेलं पाणी. लघवी कधी झाली, रडताना डोळ्यांत पाणी येतं का, ते बघ. बाळ शुद्धीवर असेल तर जलसंजीवनी दर एक-दोन मिनिटांनी ५ मिली, चमच्यानं. घटाघटा पाजलं की उलटून पडतं. अंगावरचं दूध चालूच. मलूल असेल, पीतच नसेल, तर लगेच सलाइन. चमचा आजीच्याच हाती दे, ती तासन् तास कंटाळत नाही.

तुझी,
आई