हुगळीकाठचं कॉलेज

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. हावड्याहून लोकल धरली आणि श्रीरामपूर गाठलं. आपलं नगरकडचं नव्हे, हुगळीच्या काठावरचं. मागच्या फोनवर तू म्हणालीस, छपाईची अक्षरं रेखायला शिकतेय आणि चार दिवस एका ‘ळ’च्या मागे लागलेय आणि तरी तो पोट पुढे काढून उभा राहतोय. तुझा आवाज रडवेला झाला होता. तेव्हाच ठरवलं होतं, इथे जाऊन यायचं आणि तुला लिहायचं.

गाव लहानच आहे. कॉलेजची जुनी इमारत नदीकडे तोंड करून उभी आहे. समोर उंच गोल खांब, त्यांच्या माथ्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखी दोन्हीकडे वळलेली वेटोळी. मी खांबाला पाठ लावून बराच वेळ बसलो. शेजारी दोन मुली वहीत डोकं घालून बसल्या होत्या, अगदी तू बसायचीस तशा.

कॉलेज निघालं १८१८ साली. म्हणजे तिकडे पेशवाई बुडाली, त्याच वर्षी. काढलं तिघांनी: विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड. केरी मूळचा जोडे शिवणारा, वॉर्ड छापखान्यातला माणूस. नदीपलीकडे बराकपूर, तिथे गव्हर्नर जनरलचा वाडा. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून हे अलीकडे डेन्मार्कच्या राज्यात राहिले. श्रीरामपूर तेव्हा डॅनिश होतं ना! १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने, सहाव्या फ्रेडरिकने, कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. पुढे १८४५ मध्ये गाव इंग्रजांनी विकत घेतलं, पण सनद शाबूत राहिली. ख्रिस्ती मुलांसाठी म्हणून काढलेल्या कॉलेजात इतरांनाही पहिल्यापासून दार उघडं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण तुला सांगायचं आहे ते इमारतीच्या आधीचं. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा. त्याला मराठी शिकवली वैजनाथ पंडितांनी. १८०५ मध्ये त्याचं मराठीचं व्याकरण याच गावच्या छापखान्यात छापलं गेलं, देवनागरीत. १८१० मध्ये मराठी कोश, तो मोडी लिपीत! मग वैजनाथांची सिंहासनबत्तिशी, हितोपदेश. मुंबईत ‘दर्पण’, आपलं पहिलं वर्तमानपत्र, निघायला अजून वीसेक वर्षं होती, आणि आपली भाषा इथे बंगालात, परक्या राजाच्या गावात छापली जात होती.

या छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, घडवली कोणी? पंचानन कर्मकार नावाच्या लोहाराच्या हाताखाली इथे खिळे पाडण्याचं काम उभं राहिलं, पुढे त्याच्या जावयाने, मनोहरने, ते चालवलं. बंगाली माणसं, सई. ‘ळ’ त्यांच्या लिपीतही नाही आणि बोलण्यातही नाही. तरी पोलादाच्या तोंडावर उलटं अक्षर कोरायचं, काजळी धरून कागदावर ठसा घ्यायचा, पाहायचं, परत कानस मारायची. एक घाव जास्त बसला की सगळं पहिल्यापासून. १८१२ मध्ये छापखान्याला आग लागली, कागद आणि खिळे जळाले, वितळले. त्या राखेतून धातू गोळा करून पुन्हा ओतकाम सुरू झालं.

म्हणून तुझ्या चार दिवसांना मी कमी लेखणार नाही, आणि तूही लेखू नकोस. तुझं हे शिक्षण ठरलं तेव्हा मी ‘यात पोट भरेल का’ असं विचारलं होतं. ते मला आजही बोचतं.

इथे केरींच्या नावाचं ग्रंथालय आहे, जुनी पुस्तकं जपून ठेवली आहेत. परवानगीचा अर्ज लिहून ठेवलाय. तुझा ‘ळ’ मोठा छापून पाठव, घडी न घालता. त्या व्याकरणाचं पान बघायला मिळालं, तर शेजारी धरून बघायचा आहे.

तुझा
बाबा