मंत्रीसाहेब, तो हिरवा रंग खरा आहे का ते एकदा बघा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी टेस्टर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे पैसे मिळतात मला. मागे एका मोठ्या प्रोजेक्टवर होतो. गो-लाइव्हला, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष सुरू व्हायला, ३ आठवडे राहिलेले आणि जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये नीट येतच नव्हता, एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी, कुणाची जन्मतारीखच गायब, म्हणून मी शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये लाल रंग भरला (लाल म्हणजे काम अडलंय, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे सगळं ठीक). मॅनेजर म्हणाला, अजून ३ आठवडे आहेत की, आणि त्याने पिवळा केला. वरच्या मीटिंगमध्ये स्लाइड गेली तेव्हा तो हिरवा झालेला! आमच्यात याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं, कापलं की लाल. उद्घाटन ठरल्या तारखेलाच झालं आणि पुढचे ४ महिने आम्ही रात्री बसून नोंदी दुरुस्त केल्या.

कॅनडा सरकारच्या फिनिक्स पगार सिस्टिमचं बघा. २०१६ ला सुरू केली, तारीख आणि बजेट गाठायचं म्हणून काही फंक्शन्स काढून टाकली, आधी थोड्या लोकांवर करून बघायची चाचणी (पायलट) रद्द केली, पगाराचं काम कळणारी माणसं तर आधीच कमी केलेली. मग काय, कुणाला कमी पगार, कुणाला जास्त, कुणाला आलाच नाही. २०१८ ला तिथल्या ऑडिटर जनरलनी याला प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं अनाकलनीय अपयश म्हटलं.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे एक्सेल घेऊन "झालं का, झालं का" करत फिरणारा माणूस असं लोकांना वाटतं (तसे असतातही, भोगलेत मी). पण चांगला मॅनेजर, साहेबांनी मध्येच सांगितलेलं "एवढं एक फीचर टाका ना" किती आठवडे खाणार हे तिथल्या तिथे तोंडावर सांगतो. उशीर झाला म्हणून शेवटी २० माणसं ओतत नाही, कारण नव्यांना शिकवण्यातच जुन्यांचा वेळ जातो आणि काम अजून लांबतं, हे सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर पुस्तक लिहिणारे फ्रेड ब्रुक्स १९७५ सालीच सांगून गेलेत. आणि काय झालं तर गो-लाइव्ह थांबवायचं हे तो सुरुवातीलाच लिहून घेतो, कारण पत्रिका छापल्यावर कोण थांबवणार?

तेव्हा पुढच्या उद्घाटनाची तारीख जाहीर करायच्या आधी खालून आलेला पहिला रिपोर्ट मागवा, स्लाइड नको. आणि ज्याने लाल भरलंय त्याला बोलवा, तो बोलेपर्यंत त्याच्या मॅनेजरला तेवढं बाहेर बसवा.

आपला,
एक टेस्टर