काका, तुमच्यामुळे मला माझंच पेज ऐकू आलं

काका, नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखे पतसंस्था, शाळा, दवाखाने यांच्या वेबसाइट करणारे बरेच जण वाचतील आणि तुम्ही त्या दिवशी दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे. इमोजी एकही टाकलेला नाही, तुमच्या मशीनवर प्रत्येकाचं नाव वाचलं जातं हे आता माहितीय.

मार्चमध्ये पतसंस्थेतून फोन आला की एका ठेवीदाराला ऑनलाइन ठेवीचा फॉर्म भरता येत नाहीये, त्यांना दिसत नाही. मी तुम्हाला फोन लावला तर तुम्ही रागावला नाहीत, म्हणालात विश्रामबागेत घरी या, चहा घेऊ, मग ऐकवतो. सांगलीत आठ वर्षं हेच काम करतोय पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसायची ती पहिलीच वेळ. लाइटहाउस या वेबसाइट तपासणाऱ्या टूलमध्ये ॲक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता येते का याला, शंभरपैकी ९६ आले होते म्हणून मी निर्धास्त होतो.

तुम्ही एनव्हीडीए, म्हणजे तुमचा स्क्रीन रीडर, चालू केलंत, हेडिंगवर जायला एच दाबलंत, आणि पेजवर हेडिंगच नाही असं उत्तर आलं. मी हेडिंग म्हणून नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली होती, कोडमध्ये हेडिंगचा टॅग कुठेच नव्हता. मग मराठी मजकूर सुरू झाला आणि आवाज एकदम इंग्लिश झाला, अर्धे शब्द गायब. कारण विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये पेजची भाषा इंग्लिश लिहिलेली होती आणि मी ती बदललीच नव्हती. लाइटहाउस भाषा लिहिलीय का एवढंच बघतं, ती खरी आहे का ते बघत नाही. दोन अक्षरं बदलून मराठीचा कोड टाकला आणि तुमचा नेहमीचा आवाज परत आला. (डिझायनर मित्रांनो, ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे या कोडमुळे ल आणि श पण आपल्या मराठी वळणाचे येतात, हे मला त्याच दिवशी दिसलं.)

पण जे डोक्यातून जात नाही ते वेगळंच. तुम्ही अकरा रकाने भरलेत, एकेक, टॅब दाबत. जन्मतारखेला माझं कॅलेंडर उघडलं, ते माउसशिवाय हलतच नव्हतं, तेव्हा म्हणालात, "अहो मला माझी जन्मतारीख माहितीय, टाइप करू द्या की." शेवटी मी ती भरून दिली. मग तुम्ही सबमिट दाबलंत आणि काहीच आवाज नाही. तुम्ही थांबलात, मान थोडी तिरकी करून, हात कीबोर्डवर तसेच, आणि मला विचारलंत, "झालं का?" झालं नव्हतं काका. पॅन नंबरच्या रकान्याभोवती लाल रेघ आली होती, बस एवढंच, आणि ती मला दिसत होती.

आता तिथे शब्दांत लिहिलेलं येतं की पॅनमध्ये दहा अक्षरं-आकडे हवेत, तो मजकूर रकान्याला जोडलेला आहे आणि सबमिट फसलं की फोकस सरळ त्या रकान्यावर जातो. तारखेला तीन साधे रकाने केलेत, दिवस, महिना, वर्ष.

आणि काकू! लाइटहाउसचे उरलेले चार मार्क कॉन्ट्रास्टमुळे, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांतला फरक कमी म्हणून, गेले होते, मी ते सोडून दिले होते. काकूंनी व्याजदराची बारीक राखाडी ओळ वाचायला चष्मा वर केला, खाली केला, मग स्क्रीनच जवळ ओढली. पांढऱ्यावर तो राखाडी २.८५ ला १ होता, डब्ल्यूसीएजी या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतो. आता गडद केलाय, सातच्या आसपास आहे.

एनव्हीडीए फुकट आहे आणि ते २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने सुरू केलं हेही तुमच्याकडूनच कळलं. आता प्रत्येक काम देण्याआधी मी ते लावतो, माउस बाजूला ठेवतो आणि फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत भरतो. सवय नसल्याने हळू होतं, पण करतो.

संचालकांच्या बैठकीत एकांनी विचारलं की असे सभासद आहेत किती. मी त्यांना सांगितलं की ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरलाय, ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) अडलेल्या लोकांच्याच केसमध्ये. पण खरं तर त्यांना पटलं ते तुमचं सांगितल्यावर, की आमचे एक ठेवीदार बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झाले, सगळे व्यवहार स्वतः करतात, आणि फक्त आपल्याकडे येऊन त्यांना दुसऱ्याला पॅन नंबर सांगावा लागतो. मग कामाला मंजुरी मिळाली.

तुम्ही त्या दिवशी अडीच तास दिलेत आणि वर काकूंनी पोहे केले. मनापासून आभार, दोघांचे.

पुढच्या महिन्यात कर्जाचा फॉर्म घेऊन येतोय. या वेळी टेस्टिंगची तुमची फी मी बिलात वेगळी धरलीय आणि संस्थेने ती मान्य केलीय, तेव्हा नको म्हणू नका.