उन्हाळा आणि टायरमधली हवा

संपादक महोदय,

जालन्यात माझे टायरचे दुकान आहे. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून लांब पल्ल्याच्या गाड्या वाढल्या, आणि ऊन तापू लागले की बहुतेकांचे सांगणे एकच असते, 'गरमी फार आहे, हवा दोन-चार पॉइंट कमीच भरा.' हा समज जिवावर बेतणारा आहे.

हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दबते आणि पुन्हा ताठ होते. टायर तापतो तो मुख्यतः या दबण्याने. ताशी 120 किलोमीटरने तासभर असेच चालले की आतले थर सुटू लागतात. असा टायर रिमवरून उतरवला की आतून रबराची काळी भुकटी सांडते. बाहेरून नक्षी अगदी नव्यासारखी असते, म्हणून ही भुकटी मी गाडीमालकाच्या हातावर ठेवतो. तो टायर पुन्हा चढवून द्या म्हणणाऱ्याला मी साफ नकार देतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा चिकटवलेला असतो. तो थंड टायरचा. चालून टायर तापला की हवा चार-पाच पॉइंट वाढते, ते कंपनीने धरलेलेच असते. तेव्हा हवा सोडायची नाही. आणि रेडियल टायरला लाथ मारून काही कळत नाही. 33 च्या जागी 25 असली तरी तो तसाच दिसतो.

म्हणूनच टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, गाडीत हवी. हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी वेळीच बाजूला घेता येते. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर फुटून माणसे गेली, त्यानंतर 2000 साली ही यंत्रणा सक्तीची करायला लावणारा कायदा झाला. युरोपात 2014 पासून प्रत्येक नव्या कारला ही यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे 2020 च्या नियमदुरुस्तीने टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या गाडीला स्टेपनीतून सूट मिळाली. सरसकट सक्ती मात्र झाली नाही. केंद्राने ती करावी, स्वस्तातल्या गाड्यांनाही.

तोवर निदान एवढे व्हावे: पेट्रोल पंपावर हवा मोफत देणे बंधनकारक आहे, पण कित्येक ठिकाणी मशीन बंद असते किंवा गेज चुकीचा आकडा दाखवते. वैधमापन खात्याने उन्हाळ्याआधी महामार्गावरच्या पंपांची गेज तपासावीत.

— एक टायर दुकानदार, जालना