बाळे स्टेशनावर सकाळ-संध्याकाळची मेमू हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरहून पुणे-मुंबईला जाण्याची सोय गेल्या काही वर्षांत खूप सुधारली, याचे समाधान प्रत्येक सोलापूरकराला आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरता येते, हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यातले काम उरकून त्याच रात्री घर गाठता येते आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आली. मला लिहायचे आहे ते याच रुळांवरून रोज तीस-चाळीस किलोमीटर ये-जा करू पाहणाऱ्या माणसाविषयी, आणि त्याच्या दृष्टीने सर्वांत मोक्याच्या जागी असलेल्या बाळे स्टेशनाविषयी.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. भोर घाटातले काम पूर्ण व्हायला १८६३ साल उजाडले, म्हणजे मुंबईशी सलग गाडी जोडली जाण्याच्या आधीच सोलापूरच्या स्टेशनात इंजिन येऊन उभे राहिले होते. पुढे १८७१ मध्ये हाच मार्ग रायचूरला मद्रासकडच्या रेल्वेला मिळाला, १८७७ मध्ये शहरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, १८८४ मध्ये होटगीहून गदगकडे मीटरगेज गेली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीची अडीच फुटी छोटी गाडी निघाली. कापूस, गिरण्या आणि रेल्वे यांनी मिळून हे शहर घडवले आणि त्या गिरण्यांत राबणारी कितीतरी माणसे आसपासच्या गावांतूनच येत होती.

माझे वडील त्यांच्यापैकीच एक. मोहोळहून सकाळच्या पॅसेंजरने ते गिरणीत जात. मासिक पास प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तिला दोरा ओवून तो सदऱ्याच्या आतल्या खिशाला बांधलेला असे, कारण पास हरवला तर महिन्याचा हिशेबच कोलमडे. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पासवाल्यांची डब्यातली जागा ठरलेली असे आणि एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी चौकशीला जाई. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या वेळा साधून प्रवास करणारी ती माणसेही पांगली. परंतु रोज सोलापूरकडे येणाऱ्यांची गरज संपली नाही. तिची फक्त दिशा आणि ठिकाणे बदलली.

ही ठिकाणे आता शहराच्या पश्चिमेला आहेत. खंडोबाच्या यात्रेमुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे बाळे हद्दवाढीत महापालिकेत आले आणि पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती उभ्या राहिल्या. शेजारी केगावला २००४ मध्ये स्थापन झालेले, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव असलेले विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत. पुढे पाकणीला इंधनाचे डेपो आणि चिंचोळीला औद्योगिक वसाहत आहे. ज्या विद्यार्थ्याला केगावला जायचे आहे, त्याने मोहोळहून थेट सोलापूर स्टेशन गाठायचे आणि तिथून रिक्षाने पुन्हा उलट दिशेला यायचे, यात वेळ आणि पैसे दोन्ही वाया जातात. बाळे स्टेशनावर तो उतरला, आणि स्टेशनापासून केगावपर्यंत परिवहनाची एक बस मिळाली, तर हा वळसा वाचेल.

याच परिसरातील एका महाविद्यालयात मी शिकवते. माढ्याकडून येणारी माझी एक विद्यार्थिनी रोज चारच्या तासाला दप्तर आवरूनच बसते. तास संपायच्या आत तिला उठावे लागते, कारण पुढचे वडाप, म्हणजे प्रवासी भरून जाणारी खासगी जीप, भरून निघाले की घरी पोहोचेपर्यंत अंधार होतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तिचा मोठा भाऊ कामावर खाडा करून महामार्गाने दुचाकीवर तिला न्यायला येतो. ट्रकांच्या त्या रांगांमधून ही दोघे कशी जात असतील, या विचाराने त्या दिवशी माझेच चित्त थाऱ्यावर राहत नाही.

यावर उपाय आवाक्यात आहे. दौंड-सोलापूर मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झालेले असल्याने समोरच्या गाडीसाठी पॅसेंजर ताटकळत ठेवण्याचे जुने कारण आता राहिलेले नाही. इंजिन जोडलेल्या गाडीला दर पाच-सात किलोमीटरवर थांबून पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. मेमू म्हणजे कमी अंतरासाठीची विजेवर चालणारी पॅसेंजर. तिच्या डब्यांच्या संचातच मोटारी असल्याने ती लवकर वेग पकडते, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्याने शेवटच्या स्टेशनावर इंजिन फिरवावे लागत नाही, आणि तिच्या दारांना पायऱ्या असल्याने मुंबईच्या लोकलसारखे उंच फलाटही लागत नाहीत. पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ रोजी सुरू झाली तेव्हा त्या वाटेवरची कितीतरी ठिकाणे आजच्या मानाने लहानच होती. तो मार्ग सुमारे ६४ किलोमीटरचा आहे, आणि सोलापूर ते कुर्डुवाडी हे अंतर सुमारे ७९ किलोमीटर, म्हणजे मासिक पासाच्या १५० किलोमीटरच्या मर्यादेत सहज बसणारे. पुण्याएवढ्या फेऱ्या कोणी मागत नाही. टाळेबंदीनंतर वाढलेले पॅसेंजरचे किमान भाडे ३० रुपयांवरून २०२४ मध्ये पुन्हा १० रुपयांवर आले, हा मोठाच दिलासा आहे, पण स्वस्त तिकिटाचा उपयोग गाडी कामाच्या वेळेला असेल तरच होतो.

म्हणून मागणी एवढीच की कुर्डुवाडी ते होटगी अशी मेमूची सकाळी एक आणि सायंकाळी एक फेरी दोन्ही दिशांनी सुरू करावी आणि तिला बाळे येथे थांबा द्यावा. सकाळची गाडी साडेनऊपर्यंत बाळ्याला पोहोचावी आणि सायंकाळची सहाच्या आधी तेथून कुर्डुवाडीकडे सुटू नये. स्टेशनावर पुरेसा उजेड, पिण्याचे पाणी आणि महिलांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्याने हा प्रस्ताव इथेच तयार होऊन पुढे जाऊ शकतो. येत्या वेळापत्रकापूर्वी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी, विद्यापीठ आणि औद्योगिक वसाहतीतील उद्योजकांनी रोज ये-जा करणाऱ्यांची गावनिहाय संख्या एकत्रितपणे रेल्वेसमोर ठेवावी. आमच्या वर्गांची यादी द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक प्राध्यापिका व नियमित वाचक,
बाळे, सोलापूर