रक्तविज्ञानाचे प्रशिक्षण सोलापुरातच मिळावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा सरताना डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की सोलापुरात घरोघरी प्लेटलेटच्या आकड्यावरच सारे लक्ष लागून राहते. यंत्राने छापलेला आकडा नातेवाईक अखेरचा मानतात. मात्र काहींच्या रक्तात जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, यंत्राला त्या नीट मोजता येत नाहीत आणि प्लेटलेट पुरेशा असूनही धडकी भरवणारा आकडा हाती येतो. अशा वेळी स्लाईड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा, सायट्रेटच्या नळीत नमुना पुन्हा मागवणारा आणि वॉर्डातील डॉक्टरांना तातडीने कळवणारा जाणकार प्रयोगशाळेत असावा लागतो.

असे जाणकार घडवण्याची इंग्लंडमधील पद्धत मला अनुकरणीय वाटते. तेथे विज्ञानाच्या पदवीधरांना सरकारी आरोग्यसेवा तीन वर्षांसाठी पगारी प्रशिक्षणार्थी म्हणून घेते. रुग्णालयात प्रत्यक्ष काम आणि त्याच्या जोडीने विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असा हा अभ्यासक्रम असून, रक्तविज्ञान व रक्तसंक्रमण ही त्यातील एक स्वतंत्र शाखा आहे. 'क्लिनिकल सायंटिस्ट' हे पदनाम तेथे कायद्याने संरक्षित असल्याने नोंदणीशिवाय ते कोणालाही लावता येत नाही.

आपल्याकडे डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) किंवा बी.एस्सी. झालेली मुले-मुली कष्टाळू आहेत, यात शंका नाही. परंतु नमुना यंत्रात लावणे वेगळे आणि आलेल्या निष्कर्षावर शंका घेता येणे वेगळे. ही दुसरी गोष्ट अनुभवी माणसाच्या शेजारी बसून, शेकडो स्लाईड पाहूनच अंगी येते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचेच पाहा. लोहाची कमतरता असो वा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या विकाराचा केवळ वाहक असणे, दोन्हींत लाल पेशी लहान दिसतात. हिमोग्लोबिन ए-२ या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर असणे ही बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाची खूण मानली जाते. पण त्याच व्यक्तीला लोहाची तीव्र कमतरता असेल तर हे प्रमाण खाली येऊन वाहक निसटू शकतो. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर प्रकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे एका रिपोर्टकडे जाणत्या नजरेने पाहिले गेले नाही, तर त्या घराला आयुष्यभर रक्ताच्या पिशव्यांमागे धावावे लागते.

पॅथॉलॉजिस्टची जागा दुसऱ्या कोणी घ्यावी, असे मी मुळीच सुचवत नाही. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणारी एक भक्कम फळी उभी राहावी, एवढीच अपेक्षा आहे. प्रयोगशाळा विज्ञानासह संबंधित आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांनी त्याचा आधार घेऊन रक्तविज्ञानाच्या मोजक्या, पण पगारी प्रशिक्षण जागा सोलापुरात सुरू कराव्यात. धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गी येथूनही रुग्ण उपचारांसाठी सोलापुरात येतात, हे लक्षात घेता ही मागणी केवळ शहरापुरती नाही. जागा पगारी असाव्यात, हा माझा विशेष आग्रह आहे. अन्यथा विडी किंवा यंत्रमाग कामगाराच्या हुशार मुलीला तीन वर्षे शिकत राहणे परवडणार नाही आणि ती पदवी हाती पडताच मिळेल त्या नोकरीला लागेल.

आपला नम्र,
प्रयोगशाळेतील एक निवृत्त कर्मचारी, सोलापूर