लोझानचा दिवा आणि श्रीखंडाचे आठ डबे

आदरणीय पिएर डिलेनबूर सर,
सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. तुम्ही स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविज्ञान विद्यापीठाचे प्राध्यापक. मी तालुक्याच्या गावी एका तंत्रनिकेतनात सी प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल्स घेते. मराठीत लिहितेय, कारण आभार मानायचे तर मला हीच भाषा नीट येते. शिवाय प्रॅक्टिकलच्या दोन तासांत धावून धावून दमणारे माझ्यासारखे इतरही हे वाचतील, हा थोडा स्वार्थ.

आमची लॅब म्हणजे चोवीस मुलं, तिघातिघांचे आठ गट आणि मी एकटी. पंधराव्या मिनिटाला सुरू होतं, "मॅडम, एरर!" "मॅडम, इकडे या ना!" ज्याचा आवाज मोठा त्याची एरर आधी सुटते. एका गटाचा राहिलेला सेमीकोलन शोधून मान वर करावी, तर चार हात वर. त्यातला पहिला कुणाचा, देव जाणे. हात वर केलेली मुलं तोवर कीबोर्डला हात लावत नाहीत. मी जिकडे जाईन तिकडे त्यांचे डोळे. आणि खिडकीजवळच्या गटातल्या तिघींनी तर सबंध सत्रात एकदाही हात वर केला नव्हता. सगळं येत होतं म्हणून नव्हे, हे मला जर्नल तपासताना कळलं.

यावर मी आधी माझ्या अकलेने उपाय केला. एक्सेलमध्ये आठ गटांची नावं, पुढे कोण कितव्या प्रोग्रॅमवर आहे ते, आणि ती शीट प्रोजेक्टरने भिंतीवर. आठवडाभरात लॅबची शर्यत झाली. "ते पाचवर गेले, चल लवकर!" मग पेनड्राइव्ह फिरले आणि सगळे गट एकाच स्पेलिंगच्या चुकीसह पाचव्या प्रोग्रॅमवर पोचले. मला वाटलं मुलंच लबाड. मुलांना दोन दिवस बोलणीही बसली.

त्यानंतर तुमचा 'लँटर्न' माझ्या वाचनात आला. हमेद अलावी आणि फ्रेडेरिक काप्लान यांच्याबरोबर तुम्ही २००९ साली मांडलेला. प्रत्येक गटाच्या टेबलावर एक छोटा दिवा. गट कितव्या उदाहरणावर आहे ते त्याच्या रंगावरून कळतं. तिथे किती वेळ रेंगाळला ते उजेडावरून. मदत हवी असेल तर दिवा दाबायचा, तो लुकलुकू लागतो आणि थांबावं लागेल तसतसा जास्त भरभर लुकलुकतो. बस, एवढंच. कुणाला मार्क नाहीत, कुणाचा अहवाल नाही. दिवा आपली पाळी लक्षात ठेवतोय म्हटल्यावर मुलांना शिक्षकाच्या मागे नजर लावून बसावं लागत नाही, ती पुन्हा आपल्या उदाहरणाकडे वळतात.

पण मी चपापले ते पुढे. हीच माहिती सगळ्यांसमोर एका मोठ्या पडद्यावर दाखवली तर काय होतं, हेही तुम्ही लोकांनी करून पाहिलं होतं. पडद्याच्या वर्गात गटागटांत चढाओढ लागली. दिव्यांच्या वर्गात शेजारशेजारचे गट एकमेकांशी बोलायला लागले. म्हणजे लबाडी मुलांची नव्हती, भिंत माझी चुकली होती. पुढच्या प्रॅक्टिकलला मी मुलांसमोर तसं कबूल केलं. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "म्हणजे आमची बोलणी परत घेताय का मॅडम?"

त्याच पोरांनी दिवे बनवले. तुमच्यासारखी घडवलेली वस्तू आमच्या आवाक्यातली नव्हती. तिसऱ्या वर्षाच्या दोघांनी आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एक रंग बदलणारा एलईडी, फिरवायचं एक बटण आणि दाबायचं एक बटण असं सर्किट जुळवलं. उजेड डोळ्यांत न जाता पसरायला हवा म्हणून काय झाकावं, यावर बराच खल झाला. शेवटी अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा पांढरा डबा उपडा घातला आणि अगदी हवा तसा मऊ उजेड पडला. आठ डबे आठ घरांतून आले. धुतले होते, तरी पहिल्या दिवशी लॅबला वेलचीचा वास येत होता.

त्या दिवशी ओरडा लगेच थांबला असं नाही. सवय जायला तीन-चार प्रॅक्टिकल्स लागली. पण एक प्रसंग सांगते. पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या चलाच्या, प्रोग्रॅमचा रंग निळा होता. पाच नंबरचा डबा हिरव्यावर अडकून लुकलुकत होता, शेजारचा चार नंबर निळा झाला. मी लॅबच्या दुसऱ्या टोकाला. तिकडे निघाले तोवर पाच नंबरमधला पोरगा खुर्ची सरकवत चारकडे पोचला होता, "तुमचा निळा कसा काय झाला रे?" आणि चारमधली मुलगी त्याला वहीत चौकोन काढून, पत्ता कुठला आणि किंमत कुठली, हे दाखवत होती. मी मधेच थांबले. मी चौकोन काढले असते तर इतके सोपे काढले नसते.

खिडकीजवळच्या तिघींनी तेव्हाही बटण दाबलं नाही. पण त्यांचा डबा पिवळ्यावरच होता, आणि उजेड वाढत वाढत पार पूर्ण झाला होता. म्हणून मी न बोलावता गेले. त्यांना फॉर लूपच, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायची रचनाच, कळला नव्हता, तीन आठवडे.

पुढे माझाच मोह वाढला. डब्यांना बझर लावू, वेळ मोजू, त्यावरून मार्क देऊ. हजेरीही त्यालाच जोडून घ्या, असं वरून सुचवणं आलं. तेव्हा तुमचा २००२ सालचा इशारा कामी आला: गटाने कसं शिकायचं त्याची पायरी न् पायरी आपणच आखून दिली, तर एकत्र शिकण्यातली मजाच जाते. बझरचं पार्सल अजून कपाटात तसंच आहे.

लॉजिस्टिक्स, म्हणजे मालाची साठवण आणि ने-आण, शिकणाऱ्या उमेदवारांसाठी तुमच्या गटाने केलेलं ते टेबलही मला आवडतं. छोटी छोटी शेल्फं मांडून गोदाम रचायचं, वरून प्रोजेक्टर फोर्कलिफ्ट फिरवून दाखवणार. मुलं रमली, पण विचार न करताच पुन्हा पुन्हा चालवून बघत राहिली. मग तुम्ही शिक्षकाच्या हातात एक कार्ड दिलं, ज्याने ते चालणं अडवता येतं. आधी अंदाज सांगा, मग चालवा. आमच्याकडे कार्ड नाही. 'रन' दाबण्याआधी आउटपुट काय येईल ते जर्नलच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहायचं, इतकंच. मुलं कुरकुरतात. काही आधी चालवून मग 'अंदाज' लिहितात, तेही मला कळतं.

तुम्ही आधी बेल्जियममध्ये प्राथमिक शिक्षक होतात, हे वाचलं तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. वर्गात एका वेळी एकाच टेबलापाशी उभं राहता येतं, हे ज्याने सोसलंय त्यालाच असा दिवा सुचणार. त्या दिव्याबद्दल मनापासून आभार. अलावी, काप्लान आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांनाही ते पोचवा.

मागच्या आठवड्यात सहा नंबरचा डबा पडून तडकला. नव्या बॅचमधल्या एकाने बदली आणलाय तो आम्रखंडाचा, पिवळट. त्यातून निळा हिरवा दिसतो. त्यामुळे सध्या सहा नंबर पॉइंटरवर पोचला की पोरं मला ओरडूनच सांगतात, "मॅडम, हा निळा आहे हं!"

आपली नम्र,
तंत्रनिकेतनातली एक अधिव्याख्याता